जमनाताई उठल्या नाहीत

प्रसूतिगृहाचं दार उघडून जमनाताई बाहेर आल्या की बाकावर बसलेले नातेवाईक एकदम उभे राहायचे. "काय झालं, सिस्टर?" हा प्रश्न ठरलेला. ताई मात्र त्याचं उत्तर द्यायच्या नाहीत. दाराला पाठ लावून, हात पुसत म्हणायच्या, "इचारा."

"तेच तं इचारून राह्यलो. काय झालं?"

"आनखी काही इचाराचं नाही?"

लोक एकमेकांकडे बघायचे. कुणाला तरी, बहुधा आत निजलेल्या बाईच्या आईला, उमगायचं. "माही पोरगी कशी हाय, बाई?" मग ताईंचा चेहरा सैल पडायचा. "पोरगी मजेत हाय. चहा मागून राह्यली. आन् तिले बी पोरगीच झाली."

एकदा एक सासरेबुवा चिडले. आम्ही वर तक्रार करू म्हणाले. ताई शांतपणे म्हणाल्या, "करा. पन सांगसान काय? सुनेची तब्येत इचाराले लावली म्हनून?"

जमना आडे ही आमच्या ग्रामीण रुग्णालयातली सगळ्यात जुनी परिचारिका. गाव पुसदच्या वाटेवरचं. मी तिथं नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा नवखी होते. माहेर वणीकडचं, घरी कपाशी आणि तुरीचं वावर. पहिल्याच दिवशी ताईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. उंच, काळ्याभोर, कपाळावर हिरवं गोंदण, आणि ओठांवर गडद लाल लिपस्टिक. ड्यूटीवर!

"कोनाची तू?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे या प्रश्नाचा अर्थ जात कोणती, असाच असतो. मी वर्षा म्हणून सांगितलं, आणि पुढं आडनाव.

"म्हंजे वावरवाली. बरं. मले लमाणाची म्हन, लाजू नको. लोकं मांगून म्हनतात, तू समोर म्हन."

मी त्यांना ताईच म्हणत गेले. लिपस्टिकचं मात्र मी एकदा विचारलंच. आरसा काढून ती नीट करत त्या म्हणाल्या, "काळ्या बाईनं लाल लावू नये, असं कोन्या सरकारनं सांगतलं? लोकाइले डोये हायेत, दिसू दे."

आमच्या घरी लमाणांच्या तांड्यावरच्या बायांबद्दल जे बोललं जायचं, तेच या भागात सगळीकडे बोललं जातं. त्या दणकट असतात, त्यांना दुखत नाही, सकाळी शेतात बाळंत होतात आणि संध्याकाळी भाकरी थापतात. बोलणारा हे कौतुकानंच बोलतो. वॉर्डात एका बाईची आजी असंच म्हणाली. शेजारच्या खाटेवर तांड्यावरची एक मुलगी ओठ चावून कळा सोसत होती. तिच्याकडं बोट करून आजीनं आपल्या नातीला सांगितलं, "पाह्य, ते ओरडते काय? त्याइचं अंगच तसं रायते. तूच एक नाजूक."

ताई त्या मुलीच्या उशाशी गेल्या. गोरबोलीत, म्हणजे लमाणांच्या बोलीत, तिच्याशी काहीतरी बोलल्या. मुलीनं डोळे मिटले आणि अशी किंकाळी फोडली की बाहेरचे लोक दाराशी जमा झाले. ताई आजीकडे वळल्या. "आयकलं? दुखते. तिले घरी ओरडू देत नाही, म्हनून ओरडत नाही. मी आत्ताच सांगतलं तिले, इथं मोकळी हाय तू."

ताईंचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून हिंडणाऱ्या तांड्यातले. वडिलांनी थोडी जमीन केली, मुलीला शिकवलं. नर्सिंगच्या वसतिगृहात एका मुलीची सोन्याची रिंग हरवली, तेव्हा झडती घ्यायला वॉर्डनबाई सरळ जमनाच्या खाटेजवळ आल्या. जमनानं स्वतःच पेटी उचलून पलंगावर पालथी केली. मग शेजारच्या मुलीच्या पेटीला हात घातला. "आता हिची. मंग तिची. मंग साऱ्याइची." त्या दिवशी खोलीतल्या सगळ्या पेट्या उघडाव्या लागल्या.

"रिंग सापडली का?" मी विचारलं.

"कायची सापडते! गेली असन नालीत. पन त्याच्यानंतर माही एकटीची पेटी कोनी उघडली नाही."

एका मोठ्या शेतकरी घरातली सून बाळंत झाली, तो प्रसंग मी विसरू शकत नाही. बऱ्याच वर्षांनी घरात मूल आलेलं, तेही मुलगा. पण मुलगा काळा होता. आईबाप दोघे गोरे. सासूनं दुपट्यातलं तोंड पाहिलं आणि हात मागे घेतला. "आमच्या खानदानात असा रंगच नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पयले तपासनी करू. मंग पाहू घरी न्याचं का नाही ते."

नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. ती पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. दूध येईना. बाळ रडून रडून लाल झालं.

ताईंनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि विचारलं, "घरातून सारे आले काय पाहाले?" आजेसासरे तेवढे बाहेर व्हरांड्यात होते. गुडघे धरलेले, म्हणून ते आत आले नव्हते. ताई तडक बाहेर गेल्या आणि त्यांनी बाळ म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं. मागोमाग सासू, नवरा, आम्ही सगळे. म्हातारा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसून खाली वाकला. तोच रंग, तेच रुंद कपाळ. म्हातारा तोंडभर हसला. "माह्यावानी हाय लेकाचं! मले बी लहानपनी सारे कोळसा म्हनत."

ताई सासूकडे वळल्या. "याइच्या रोज पाया पडता नं तुमी? तवा रंग दिसत नाही. पुरुषाचा रंग वावर पाहून इसरता, आन् बाईच्या पोटातला बी पारखता." नवऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "उचल तुह्या पोराले. तू उचलून तिच्याजवळ नेशीन, तवाच मी इथून हालन."

तो उभाच राहिला. ताईही उभ्या राहिल्या. शेवटी त्यानं बाळ उचललं, आत नेलं आणि बायकोच्या खाटेच्या कडेला बसला. ती त्याच्याकडे वळली नाही लगेच. पण बाळाला घ्यायला तिनं हात पुढं केले.

अशा बाईच्या तोंडून पुढं जे ऐकलं, त्यानं म्हणूनच मी चकित झाले. ताईंना एकच मुलगा, संतोष. नवरा लवकर गेलेला. संतोष वणीकडे कोळशाचे ट्रक चालवायचा. राजूरच्या बाजूला, एका पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, सुनीता नावाच्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. मुलगी आश्रमशाळेत शिकवायची. संतोषनं फोनवर सांगितलं. ताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोलामाची पोट्टी! त्याइचं खानं येगळं, बोलनं येगळं. अजून जंगलातून बाहीर निंगाले नाही ते लोकं."

मी कापसाचे बोळे करत होते. माझा हात थांबला.

"काय पाह्यते?" त्या खेकसल्या.

"काही नाही."

"तं पाहू नको."

त्यानंतर त्या कुणाशी धड बोलेनात. एका रविवारी दुपारी साधी सुती साडी नेसलेली एक मुलगी एसटीनं आली आणि सरळ आमच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "मी सुनीता," ती म्हणाली. "तुमाले माह्यात काय आवडत नाही, ते तुमच्या तोंडून आयकाचं होतं."

ताईंनी तिला बसायलाही सांगितलं नाही. "तुमचे लोकं..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबल्या.

"माहे लोकं काय?"

ताई टेबलावरची रजिस्टरं सारखी करू लागल्या.

"संतोष म्हनते, माही माय कोनालेच भेत नाही," सुनीता म्हणाली. तिनं नजर हटवली नाही. "मले वाटते, तुमी तांड्याले भेता."

ताईंनी आपला डबा पुढं ओढला आणि म्हणाल्या, "जेवली काय?" दोघी एकाच डब्यातून जेवल्या. ती गेल्यावर ताई मला म्हणाल्या, "वर्षे, लोकाइनं मले जल्मभर जे आयकवलं, ते मीनं सारं जपून ठेवलं होतं. दुसऱ्याले द्याले."

तांड्याच्या पंचायतीला ते लोक नसाब म्हणतात. लग्नाची कुणकुण लागताच तांड्याच्या प्रमुखांनी, म्हणजे नाईकांनी, नसाब बोलावली. ताई मलाही सोबत आपल्या तांड्यावर घेऊन गेल्या. देवळापुढं सतरंजी अंथरलेली, तिच्यावर पुरुष. बाया आपापल्या दारात उभ्या. ताई चपला काढून मधोमध जाऊन बसल्या.

"जमना, बाया तिकडं," नाईक म्हणाले. म्हातारा गृहस्थ, दवाखान्यात आला की ताईंना नमस्कार करणारा.

"तिकडून आयकू येत नाही."

"रीत हाय आपली. ऊठ."

"उठवा मंग." ताईंनी मांडी आणखी घट्ट घातली आणि सभोवार बघितलं. "इथं बसलेल्या निम्म्याइले पयल्यांदा उलटं मीनंच धरलं होतं. ज्याले मले हात लावाचा हाय त्यानं यावं."

दारांमधून बाया फिसकन हसल्या. एक तरणा गडी उठू पाहत होता, तो परत बसला. वाद बराच झाला. शेवटी नाईकांनी निकाल दिला: लग्न झालं तर तांडा जमनाच्या दारात पाय ठेवणार नाही.

"याले बहिष्कार म्हनते. कायद्यात गुन्हा हाय," ताई म्हणाल्या. "पन मी पोलिसात नाही जानार. मी इथंच येनार. दर नसाबले. तुमी नका बोलू माह्यासंग. मी बसन."

लग्न पोडावर झालं. तांड्यातला एकही पुरुष आला नाही. दुपार कलल्यावर मात्र तांड्यावरच्या काही बाया जीपमधून उतरल्या. घरी त्यांनी बाजाराला जातो म्हणून सांगितलं होतं. कोलामांच्या ढोलावर त्या नाचल्या, ताई सगळ्यांत पुढं.

निवृत्तीनंतर ताई तांड्यावर राहायला गेल्या. सुनीतानं जवळच्या आश्रमशाळेत बदली करून घेतली, संतोषनं वणी सोडली. ताईंनी शब्द पाळला. प्रत्येक नसाबला त्या सुपात तूर घेऊन जायच्या आणि सतरंजीवर बसून निवडायच्या. सुरुवातीला त्या आल्या की पुरुष बोलणं थांबवायचे. एकदा तर बैठक उठवून दुसऱ्या झाडाखाली नेली, तर ताई सूप घेऊन तिथं हजर. हळूहळू लोक बोलणं थांबवायचं विसरले. पुढं पुढं, "जमना, तुले काय वाटते?" असं विचारूही लागले. घरी सासूनं सुनेला गोरबोली शिकवली. सून चुकली की दोघी हसत बसायच्या.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. कपडे वाळत घालताना छातीत कळ आली, तेवढंच. मी तेराव्याला गेले, तर त्याच संध्याकाळी नसाब होती. तांड्यातली एक मुलगी पुसदला कॉलेजात शिकत होती. परजातीच्या मुलाशी बोलताना कुणीतरी तिला पाहिलं होतं, आणि तिचं शिक्षण बंद करायचं की नाही हे ठरायचं होतं. सतरंजीवर पुन्हा नुसते पुरुष होते. मी दारातल्या बायांमध्ये उभी राहिले.

सुनीता घरातून निघाली, चपला काढल्या आणि जाऊन बसली.

नाईक मराठीत बोलले, तिला परकी समजून. "पोरी, तू या तांड्याची नाही. तुले कोनं बलावलं?"

सुनीतानं गोरबोलीत उत्तर दिलं. 'याडी', आई, एवढा एक शब्द मला कळला. मी शेजारच्या बाईला विचारलं, काय म्हणाली?

"म्हनते, याडी इथं बसत होती, तवा मी बी बसन. आन् म्हनते, जिचा न्याय करता ते पोट्टी कुठं हाय? तिले इचारलं काय कोनी?"

कुणीच उठलं नाही, कुणी तिला उठवलंही नाही. मग नाईक तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, आणि माझ्या शेजारची बाई धावत सुटली.

"काय म्हणाले?" मी ओरडून विचारलं.

"पोट्टीले बलवा म्हने!"

ती मुलगी आली. तिच्यासोबत तिची आई आली, काकू आली, शेजारणी आल्या. कुणी कुणाला विचारलं नाही. दारांतल्या बाया एकामागून एक सतरंजीवर येऊन बसू लागल्या. जागा पुरेना. पुरुषांना सरकावं लागलं.