पाठीला ओठ नसतात

साल दोन हजार पंचवीस, माझं वय त्र्याहत्तर. सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या खोलीच्या दारात आरसा टेकवून मी दाढी करत होतो. नात जया शाळेतून लवकर आली आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून समोर उभी राहिली. तिने छातीवर दोन बोटं टेकवली. आमच्या घरात ती खूण म्हणजे हेमाबाई. जयाला शिकवताना त्यांच्या गळ्यात तिथेच माईक लोंबायचा. मग तिने हात उताणा केला, म्हणजे बाई गेल्या... अर्धी दाढी तशीच राहिली.

हेमाबाई म्हणजे ज्या पोरांना ऐकू येत नाही, दिसत नाही, त्यांच्यासाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या शिक्षिका. आज कोसाड, उद्या कडोदरा, बसच्या दांडीला लटकून. त्या दिवशी रिक्षात बसल्या आणि छातीत कळ आली, एवढंच समजलं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. हे मी माझ्या हाताने लिहितोय, आणि कोणाला यातलं काही सुधारायचं असेल तर त्याने आपलं वेगळं लिहावं. शिंदखेड्याकडून सुरतला आलो आणि जन्म कापडाच्या लूमवर काढला. तिथल्या खडखडाटात कोणाला काही ऐकू येत नाही. आम्ही ओठांवरून बोलणं ओळखतो, उरलेलं हातांनी. जया जन्मापासून बहिरी निघाली तेव्हा गल्ली रडली, मी नाही रडलो. मी तिला लूमवाल्यांची बोली शिकवली आणि ती माझ्याहून हुशार निघाली.

त्यामुळे बाई पहिल्यांदा घरी आल्या, पोरीच्या कानात मशीन आणि मास्तरच्या गळ्यात माईक, असं सांगू लागल्या, तेव्हा मी हसलो. म्हटलं, "बाई, ही शेंगदाण्याएवढी वस्तू काय करणार? आमची पोर ओठ वाचते."

"आबा, सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात," बाई म्हणाल्या. "पाठीला ओठ असतात का?"

मी चहा टाकायला सांगितला.

कानातलं मशीन आलं, त्याला जोडलेला माईक आला. तो येताना फोटो निघाले, हार आले, पेढे आले. पाहुणे गेल्यावर मोठ्या सरांनी तो खोक्यात घालून कपाटात कुलूपबंद केला. का, तर खराब होईल! पोळीला मुंगी लागेल म्हणून पोळी लपवायची आणि पोराला उपाशी ठेवायचं, ही यांची विद्या. बाई यायच्या त्या दिवशी कपाट उघडायला लावायच्या, वर्गावरच्या निकम सरांच्या गळ्यात स्वतः माईक घालायच्या आणि हिरवा दिवा लागला की त्यात हळूच विचारायच्या, "जया, डब्यात काय?" पोर वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठमोरी बसलेली असायची. तिथून ओरडायची, "भाजी!" रोज भाजीच. पण बाई दरवेळी नव्याने हसायच्या.

एकदा हे निकम सर वर्ग सोडून ऑफिसात चहाला गेले आणि गळ्यातला माईक चालूच राहिला. ते भिंतीपलीकडे बोलत होते आणि पोर बाकावर बसून ऐकत होती. "बहिरी पोर माझ्या पदरात टाकलीय. गळ्यात घुंगूरमाळ बांधून बैलासारखा फिरतोय मी." सगळे हसले, तेही तिला ऐकू आलं. एवढ्या कौतुकाचं यंत्र, आणि पोरीला सगळ्यात स्वच्छ ऐकू आलं ते हे! घरी येऊन तिने ते जसंच्या तसं सांगितलं. मी चप्पल हातात घेऊन निघालो. बाई गल्लीच्या तोंडाशीच भेटल्या, झालेलं सगळं ऐकून घेतलं.

"आबा, चप्पल पायात घाला. मला ते सर उद्या वर्गात पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी निकम सर माईक घालेनात. त्यांना म्हणे चोरून ऐकलं जाण्याचा अपमान वाटत होता! बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, लाज वाटली असेल तर बोलणं बदला. माईक कशाला बदनाम करता?" आणि तो त्यांच्या गळ्यात घातला. त्यानंतरही बाई येतील तेव्हाच माईक चालायचा, पण चालायचा. माझ्या पोरीचं शिक्षण त्या एका बाईच्या दोन हातांवर टिकून होतं.

त्या गेल्यावर शाळेने शोकसभा ठेवली. कोण कोण रडतं ते बघायला मी गेलो. ज्यांनी बाईंना कधी खुर्ची दिली नाही, जिन्याखाली बसून शिकवायला लावलं, ते डोळे पुसत होते. एकाने तर बाईंचं नाव चिठ्ठीत बघून वाचलं. टेबलावर फोटो, फोटोला हार, आणि हाराशेजारी शोभेला तो माईक... बंद! जया पहिल्या रांगेत बसली होती. बोलणारे कागदात डोकं घालून बोलत होते, ओठसुद्धा दिसत नव्हते. तिच्याच बाईंबद्दलचं एक अक्षर तिला कळलं नाही आणि हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

निघताना मोठ्या सरांनी मला बाजूला घेतलं. "आबा, आता बाई नाहीत. पुढच्या वर्षी पोरीला बहिऱ्यांच्या शाळेत टाका. लांब आहे, पण हॉस्टेल आहे. आम्हाला हे कोण करून देणार?"

मी जयाचा हात धरून निघालो. असल्या तोंडाला तोंड देणं मला कमीपणाचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेली सगळी दाढी नीट केली, धुतलेला सदरा घातला आणि जयाबरोबर शाळेत गेलो. फोटोजवळचा माईक उचलला, त्याला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या फुंकल्या. शिपाई म्हणाला, "काका, हात नका लावू." मी लावला. निकम सर वर्गात हजेरी घेत होते. माझ्या हातांकडे बघून ते मान वाकवून उभे राहिले. मी माईक त्यांच्या गळ्यात घातला. हिरवा दिवा लागला. जन्मात मी त्या यंत्रात बोललो नव्हतो. सरांच्या छातीशी वाकलो आणि आमच्या अहिराणीत हळूच विचारलं, "जया, डबामा काय शे?"

खिडकीजवळ बाहेर बघत पाठमोरी बसलेली पोर वळली.