टोपरंवाल्याची दोरी

हिंगणघाटच्या त्या गल्लीत कोणाला नवी वस्तू घ्यायची असली, की बायका आधी अन्नपूर्णाकडे यायच्या. कूलर घ्यावा की फ्रीज, फरशी मोरीत लावावी की पुढच्या खोलीत, ती पिकोच्या मशीनवरून मान वर न करता सांगायची. तिचा स्वतःचा संसार असाच एकेका वस्तूनं उभा राहिला होता. गिरडहून नवरी होऊन आली, तेव्हा सासूला पितळी डबे हवे होते. नव्या सुनेनं आधी संडासाला दार लावून घेतलं. सासू महिनाभर तिच्या नावानं बोलत राहिली, पण कडी आतून घट्ट लावूनच बसायची.

तेव्हा अनुपनंही तिलाच विचारावं, यात नवल नव्हतं.

अनुप तिचा मोठा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. नागपूरहून त्यानं वापरलेला गेमचा डबा आणला आणि टीव्हीला जोडला. त्यात एक सुपरहिरो होता. काळं कापड डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढलेला, अंधाऱ्या शहरात गच्च्यांवरून उड्या मारत फिरायचा. अन्नपूर्णा त्याला टोपरंवाला म्हणायची. एखादं काम फत्ते केलं की त्याला पॉइंट मिळायचे, आणि त्या पॉइंटांवर कमरेच्या पट्ट्यातली नवनवी साधनं उघडायची. एकदा खर्चलेला पॉइंट परत मिळत नसे. म्हणून अनुप घोळत बसायचा.

"आई, आधी कोणतं घेऊ? विजेचा झटका हाय, धुराची गोळी हाय, अन् ही दोरी."

"दोरीनं काय होते?"

"कुठं फसला, तं वर गच्चीवर ओढून आणते."

"मंग तेच घे. मारामाऱ्या मागून करता येतात. आधी घरी येता आलं पाह्यजे."

"त्याले घर नाई वं आई. सुपरहिरो हाय तो."

"घर नाई, तं टोपरं कोणी बांधून देल्लं?"

पुढच्या खोलीतून पेपराआडून तिच्या नवऱ्याचा, कवडूचा आवाज यायचा. तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. "तुमी मायलेक दोघंई बांधून घ्या टोपरं. अन् बसा त्या डब्यापुढं."

प्रत्येक नव्या डावात अनुप हसून आधी दोरीच घ्यायचा. मग दोरी लांब करणारी पायरी, मग धूर. झटका नेहमी शेवटी. हा क्रम आईचा, पण तो त्याचाच होऊन गेला.

या हिवाळ्यात हायवेवर, जामकडून परत येताना, एका ट्रकनं त्याला उडवलं.

तेरवी झाली. धाकटी भावना वर्ध्याला होस्टेलवर परत गेली. घरात दोघंच उरली आणि फार थोडं बोलू लागली. अन्नपूर्णा दुपारी टीव्ही पुसायची, डबा चालू करायची, आणि अनुपच्या बोटांकडे पाहून उचललेली दोन बटणं दाबायची. साधनांचा पडदा यायचा. उघडलेली पिवळी, बाकीची राखी, आणि कोपऱ्यात अनुपनं साठवून ठेवलेले पॉइंट. ती बघायची आणि बंद करायची. तिसऱ्या बटणाला हात लावायची नाही.

एका दुपारी पडद्यावर दोरीची पुढची पायरी पिवळी झालेली दिसली.

तिला वाटलं आपलीच नजर चुकतेय. पॉइंट पाहिले. कमी झाले होते. आठवडा गेला आणि धुराची गोळी पिवळी झाली. त्यानंतर धूर जास्त वेळ टिकवणारी पायरी. अनुप ज्या क्रमानं गेला असता, अगदी त्याच क्रमानं. दारं आतून लावलेली असायची. कवडू त्या डब्याकडे पाहतही नसे. तो टीव्हीसुद्धा लावत नसे आता.

अन्नपूर्णा घाबरली नाही. तिनं दुपारचं झोपणं सोडलं. टीव्हीच्या खोलीत शिरताना ती जरा खाकरायची, अनुप दचकू नये म्हणून. दाराशी पाण्याचा तांब्या ठेवू लागली. ब्लाउज पोचवायला बाहेर गेली तर परत येताना पावलं आपोआप वेगात पडायची. घरी कोणी तरी होतं.

चैत्र संपत आला, अक्षय तृतीया जवळ आली, तशी चुलतसासू वच्छलाबाई येऊन बसली. "अखाजीची तयारी कराव लागते. पोराची पह्यली घागर हाय. घागर भरल्याबिगर तो पितरात बसत नाई. तवरक घरातच फिरत राह्यते बिचारा."

"अन् भरली की?"

"मंग जाते. सुटते."

अन्नपूर्णानं मशीनचं पायडल थांबवलं. "या वर्षी नाई भरत."

"काऊन?"

"माह्या मनात नाई."

वच्छलाबाईनं कवडूकडे पाहिलं. तो पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून खर्रा घोटत होता. घोटता घोटता म्हणाला, "भरू. मी भरतो. तिले राहू द्या." एवढं बोलून पन्नी खिशात घालून उठला.

अखाजीच्या सकाळी त्यानं खरंच लाल घागर आणली. अन्नपूर्णानं पुरण शिजवलं, कारण चूल तिच्या हातात होती आणि दुसऱ्या कोणी अनुपसाठी रांधावं हे तिला चालणार नव्हतं. चिंचगुळाची चिंचोणी केली, कुरडया तळल्या. मग पदराला हात पुसत ती आतल्या खोलीत गेली. आज शेवटचं पाहून घ्यावं म्हणून.

ढाल आणि चष्मा सोडून सगळं पिवळं झालं होतं. झटकासुद्धा. तिनं डब्याचा रिमोट पदरानं पुसायला घेतला, आणि दोन बटणांच्या फटीत बोट अडखळलं. सुपारीचा बारीक कण अडकला होता, चुन्यानं पांढरा झालेला.

अनुपला खर्र्याचा वास सहन होत नसे. बापाशी त्याची भांडणं त्यावरूनच व्हायची.

ती तशीच उभी राहिली. तांब्यातलं पाणी दाराशी होतं, भरलेलं, कोणीही न प्यालेलं. खोलीत कोणी नव्हतं. इतके दिवस कोणीच नव्हतं.

"भावनाचे बाबा," तिनं हाक मारली. तो दारात आला. तिच्या हातातला रिमोट पाहून त्यानं मान खाली घातली.

"तुमी?"

"हो."

"काऊन?"

"दहाव्याले वेणा नदीच्या काठावर पिंडाले कावळा शिवूनच नाई राह्यला वं. ऊन डोक्यावर आलं. कोणी म्हने, भावनाचं शिक्षण पुरं करतो म्हण. म्हटलं. कोणी म्हने, बायकोले जपतो म्हण. तेई म्हटलं. कावळे झाडावर बसून पाहून राह्यले. मंग मले ते पॉइंट आठवले. मनात म्हटलं, बाबू, तुहा खेळ मी पुरा करतो. तवा एक उतरला."

"मले सांगतलं नाई."

"तू तांब्या भरून ठेवत होती. कसं सांगू?"

अनुप राहावा म्हणून ती तांब्या भरत होती, आणि हा डब्याच्या बटणांनी त्याला वाटेला लावत होता. ती खाटेच्या काठावर बसली.

"क्रम कसा समजला तुमाले?"

"पेपर काय वाचतो मी," कवडू म्हणाला. "तुमचंच आयकत होतो."

तो तिच्याशेजारी टेकला आणि पडद्याकडे बोट केलं. "एकाचेच पॉइंट उरले. ढाल, नाई तं हा चष्मा. यानं भिंतीपल्याड कोण उभं हाय ते दिसते. या दोघांचं तुमी कधी बोल्लेच नाई. मले नाई समजत." मग त्यानं विचारलं, "आधी कोणतं घेऊ?"

गल्लीतल्या कोणालाही तिनं या प्रश्नाचं उत्तर मान वर न करता दिलं असतं. आताही ते तिच्या ओठांवर होतं.

"आधी घागर भरा," ती म्हणाली. "पान वाढून हाय."

कवडूनं घागर भरली, वर खरबूज ठेवलं, हात जोडले. कावळ्याचं पान तो गच्चीवर घेऊन गेला. ती मागोमाग जिन्यानं चढली. वैशाखाचं ऊन सिमेंटवर तापत होतं. शेजारच्या टाकीवर एक कावळा येऊन बसला. पानाकडे पाहिलं, मान तिरपी केली, आणि बसून राहिला. पुरणपोळीवरचं तूप वितळून पानभर पसरलं.

कवडू पुटपुटत होता. पुरा करतो म्हटलं ना बाबू, एकच राह्यलं. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. वाट पाहत.

एक शब्द सांगायचा होता. ढाल किंवा चष्मा. तो खाली जाऊन बटण दाबेल, पिवळा उजेड पडेल, कावळा उतरेल, अनुप सुटेल.

अन्नपूर्णानं पदर डोक्यावर ओढून घेतला, हनुवटीशी आवळून धरला, आणि टाकीवरच्या कावळ्याकडे पाहत राहिली.