दिघेसाहेबांचा रेट

"दोन लाख. चौघं. पाच रात्री, मे महिन्यात. परदेश," दिघेसाहेब म्हणाले आणि गप्प बसले.

गप्प बसणं हे त्यांचं हत्यार होतं. एका कारखान्याच्या पर्चेस डिपार्टमेंटमध्ये त्यांची बावीस वर्षं झाली होती. आकडा सांगायचा आणि पंख्याकडे बघत बसायचं. समोरचा आपोआप बोलायला लागतो आणि बोलता बोलता उतरतो.

मी बडोद्यात, मांजलपूरला, ट्रॅव्हल एजन्सी चालवते. आधी एका मोठ्या कंपनीच्या काउंटरवर सतरा वर्षं तिकिटं काढली. मग फरसाणाच्या दुकानावरची ही एक खोली भाड्याने घेऊन स्वतःचं सुरू केलं, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती. म्हणजे गिऱ्हाईक परत पाठवण्याइतकी मी मोठी झाले नव्हते.

"व्हिएतनाम बसेल," मी म्हटलं.

परदेशच्या सहलीत दोन खर्च असतात. एक तिथे पोचायचा आणि दुसरा तिथे राहायचा. युरोपात दोन्ही महाग. व्हिएतनामला पोचायलाच काय ते पैसे लागतात, राहणं-खाणं स्वस्त. त्यामुळे हल्ली आमच्याकडचं निम्मं गुजरात तिकडे जातं.

दोन लाखांत काय बसतं ते मी कागदावर उतरवून त्यांच्यापुढे ठेवलं. विमान क्वालालंपूरला बदलायचं, तिथे रात्रीचा नऊ तासांचा लेओव्हर. लेओव्हर म्हणजे मधल्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत बसणं. झोपायचं ते खुर्चीत. माणशी सात किलोची हातातली बॅग, बाकी सामानाचे पैसे वेगळे. हॉटेल स्वच्छ, पण खोल्या तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. सकाळचा नाश्ता आपला आपण.

दिघेसाहेबांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावर तीन ठिकाणी फुल्या मारल्या.

"लेओव्हर काढा. डायरेक्ट विमान द्या. हॉटेलला लिफ्ट हवी, बरोबर आई आहे, चौऱ्याहत्तर वर्षांची. आणि नाश्ता पाहिजे."

"मग सहज सत्तर हजार वाढतील."

"रेट तोच."

"साहेब, नाही जमणार."

ते पंख्याकडे बघत बसले. मीही बसले. शेवटी खालून कुणीतरी पापडीचा घाणा काढल्याचा वास वर आला आणि ते उठले. "विचार करा मॅडम. मी शनिवारी येतो," म्हणाले आणि गेले.

मी फाईलवर 'होणार नाही' असं लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई जिना चढून आल्या. खांद्याला पर्स, बोटांना खडूची पांढरी पूड. दिघेसाहेबांच्या बायको, मेधाताई. एका शाळेत गणित शिकवतात.

"तो कागद यांनी घरी आणला होता," त्या म्हणाल्या. "नऊ तास खुर्चीत बसून काढायचे? मी आठ तास वर्गात उभी असते, ते पुरे झालं. डायरेक्ट विमानाचा फरक किती?"

"चाळीस हजार."

त्यांनी मनात काहीतरी वजाबाकी केली. "माझ्या शिकवणीचे आहेत. देते. पण यांना कळता कामा नये. यांना वाटायला हवं की यांनी तुम्हाला खाली आणलं."

"आणि आईंना?"

"त्यांना तर मुळीच नको. त्या म्हणतील, सूनबाई उधळ्या."

त्या गेल्या. तासाभराने फोन वाजला.

"शैलजाच का गं तू? दिघ्यांची आई बोलतेय. तुझ्या त्या हॉटेलाला लिफ्ट नाही म्हणे."

"नाही आई. लिफ्टवालं आहे दुसरं, नाश्त्यासकट, पण तीस हजार जास्त."

"मी देते. यांच्या पेन्शनीतले साठलेत. पण हे बघ, मुलाला सांगायचं नाही. तो घेणार नाही, आणि वर माझ्या गुडघ्यांवर भाषण देईल."

"सूनबाईंना?"

"तिला तर नकोच. ती म्हणेल, म्हातारीकडे एवढे आले कुठून."

पैसे फोनवरूनच पाठवते म्हणाल्या, ते त्यांना येत होतं. आधी एक रुपया आला. मग त्यांचा फोन आला, मिळाला का. मिळाला म्हटल्यावर उरलेले एकोणतीस हजार नऊशे नव्याण्णव आले.

मी 'होणार नाही'वर रेघ मारली.

या धंद्यात अॅड-ऑन नावाचा प्रकार असतो. मूळ पॅकेज एक आणि वर वाढवलेल्या सोयी वेगळ्या. दोन्हींची बिलं वेगळी करता येतात, वेगळ्या माणसांच्या नावानेही. मी तीन बिलं केली. प्रत्येकावर टॅक्स लावला. प्रत्येकाला त्याने भरलेल्या पैशांचीच पावती मिळणार होती. कुणाला खोटं काही दिलं नाही. नुसतं एकाचं दुसऱ्याला दाखवलं नाही.

शनिवारी दिघेसाहेब आले. फुल्या मारलेला तो कागद त्यांनी टेबलावर परत ठेवला.

"बसतंय साहेब," मी म्हटलं. "डायरेक्ट विमान, लिफ्ट, नाश्ता. तुमच्याकडून दोन लाख."

त्यांनी नवा कागद दोनदा वाचला. "कसं बसवलंत?"

"काही गोष्टी आम्हाला सांगता येत नाहीत."

हे अक्षरशः खरं होतं. ते मात्र खूष झाले. "मी म्हटलं होतं ना, विचार करा. समोरच्याला वेळ दिला की रेट येतो," म्हणाले आणि तिथल्या तिथे चेक फाडला.

गोष्ट इथे संपली असती. पण पुढच्या आठवड्यात माझ्या जिन्यावर एकदम पाच माणसांची पावलं वाजली.

सगळे दिघेसाहेबांच्या सोसायटीतले. पुढे होते चेअरमन कनुभाई, लहरीपुऱ्यात साड्यांचं दुकान असलेले. माझ्याकडे खुर्च्या तीन. दोघं उभे राहिले. कनुभाईंनी आपला मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. सोसायटीच्या ग्रुपवर दिघेसाहेबांनी आपल्या दोन लाखांच्या बिलाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'डायरेक्ट फ्लाइट, लिफ्ट, ब्रेकफास्ट. निगोशिएशन.'

"बेन," कनुभाई म्हणाले, "आमी पाच फॅमिली. दिघेभाईंना दिला तोच रेट आमाला पण जोईए."

"कनुभाई, तो रेट आता मिळायचा नाही."

"केम? कालपर्यंत मिळत होता."

"भाडी वाढतात रोज."

"आठ दिवसांत सत्तर हजार? बेन, मी साड्या विकतो. लास्ट रेट काय असतो ते मला नका शिकवू."

मागे उभे असलेले एक जण हळूच म्हणाले, "मराठी माणसाला एक रेट, आपल्याला दुसरा."

ते मला लागलं. माझा जन्म याच गावातला. शाळेच्या डब्यात मी निम्मे दिवस शेजारणीचे थेपले खाल्लेत. पण खरं सांगावं तर एका घरातल्या दोन बायकांना दिलेला शब्द मोडतो. तोच रेट द्यावा तर पाच घरांमागे साडेतीन लाख मी माझ्या खिशातून भरायचे. नाही म्हणावं तर चाळीस घरांची सोसायटी हातची जाते, आणि बरोबर आख्खं मांजलपूर.

"दोन दिवस द्या," मी म्हटलं.

"आपीए, दिले दोन दिवस," कनुभाई म्हणाले. "पछी मग गूगलवर लिहावं लागेल बेन, राग नका मानू."

मी मेधाताईंना शाळेच्या फाटकावर गाठलं. झालेलं सांगितलं. म्हटलं, मला तुमचं नाव सांगायची परवानगी द्या.

"दोनदा प्रमोशन हुकलंय यांचं," त्या म्हणाल्या. "यांच्या हाताखालचा मुलगा यांचा साहेब झाला. गेले आठ दिवस घरात शीळ वाजवत फिरतायत. तुमचं नुकसान झालेलं मला नकोय, पण हे नाही करवणार माझ्याच्याने."

आईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी मेल्यावर सांग. तोवर नको."

त्या संध्याकाळी मी ऑफिसात बसून दोन्ही कागद पुन्हा पुढ्यात घेतले. फुल्या मारलेला पहिला आणि जमलेला दुसरा. मला वाटत होतं, मी कनुभाईंना सत्तर हजारांची सवलत नाकारतेय. पण सवलत मी दिघ्यांनाही दिलीच नव्हती. त्यांच्या घरातून तीन माणसांकडून पैसे आले होते, कनुभाईंच्या घरातून एकच माणूस आला होता.

सकाळी मी कनुभाईंना फोन लावला.

"दिघेसाहेबांना दिला तोच रेट तुम्हाला देते. त्यांनी भरले तेवढेच तुम्ही भरायचे. एक अट आहे. त्यांच्या घरच्या बाई इथे एकट्या येऊन प्लॅन बघून गेल्या होत्या. तुमच्याही आल्या पाहिजेत. बरोबर पुरुष नकोत."

"बस, एटलुंज?" कनुभाई म्हणाले. "मोकलूं छुं, पाठवतो."

मंगळवारी दुपारी पाच बायका आल्या. मी खालून दोन जादा खुर्च्या मागवून ठेवल्या होत्या. चहा दिला. मग दोन कागद मांडले. हा दोन लाखांचा: नऊ तास खुर्चीत, तीन जिने, सकाळी उठून नाश्ता शोधत फिरा. आणि हा दुसरा.

"दिघेसाहेबांनी पैसे पहिल्याचेच भरलेत," मी म्हटलं. "तुमच्याही घरचे तेवढेच भरणार आहेत. जाणार मात्र आहेत ते दुसऱ्याने. हे कसं झालं ते मला विचारू नका."

कुणीच विचारलं नाही. कनुभाईंच्या बायको रंजनबेन यांनी चष्मा लावून दोन्ही कागद शांतपणे वाचले.

"फरकाचं बिल अलग बनशे?" त्यांनी विचारलं.

"बनेल."

"कोणाच्या नावाने?"

"जे भरतील त्यांच्या."

"आणि घरी फोन नाही येणार?"

"नाही."

रंजनबेननी पर्स उघडली. मग त्यांच्या शेजारच्यांनी. एकीने माझ्याकडे पाठ करून रुमालाची गाठ सोडली. एक जण म्हणाली, उद्या भावाकडून पाठवते, चालेल का? मी म्हटलं, चालेल. मग सगळ्या दुसरा चहा घेत बसल्या आणि आपापल्या नवऱ्यांना भाव करण्यातलं किती कळतं यावर बोलायला लागल्या. मला इतकं हसू आलं नव्हतं कित्येक दिवसांत, पण टेबलाच्या या बाजूला बसून हसता येत नाही. मी पासपोर्टच्या झेरॉक्स तपासत राहिले.

पाचव्या हसुमतीबेन. त्यांनी दोन्ही कागदांची नीट घडी करून मला परत दिली. "मला जायचंच नाही," म्हणाल्या. "मला कोणी पूछ्यूंच नाही. मी उन्हाळ्यात पियरला, माहेरी जाते, नडियादला." त्यांना ते आधीच बोलायचं असावं, जागा मिळाली नव्हती. ते कुटुंब शेवटी नडियादला गेलं. त्यांच्या नवऱ्याने माझ्याकडे कधी रागाने बघितलं नाही. उलट सुटल्यासारखा वाटला.

चार कुटुंबं व्हिएतनामला गेली, दिघेसाहेबांच्या रेटने. कनुभाईंनी गूगलवर लिहिलं: 'बेनचा रेट फिक्स आहे.' पाच तारे दिले.

जूनमध्ये दिघेसाहेब जिना चढून आले. कॉफीचं पाकीट टेबलावर ठेवलं, समोर बसले. सहल कशी झाली ते सांगितलं. आई पहाटे उठून लिफ्टने एकट्याच खाली जायच्या आणि नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांच्या आधी हजर असायच्या. समुद्रात पोटऱ्यांपर्यंत उभ्या राहिल्या, बाहेर यायला तयार नव्हत्या.

मग त्यांनी विचारलं, "आईने किती भरले?"

मी कीबोर्डवर उगाच काहीतरी बडवलं. "कुणी?"

"मॅडम, तुमच्याकडे यायच्या आधी माझ्या हातात तीन ठिकाणची कोटेशनं होती. त्या सोयी दोन लाखांत बसत नाहीत हे तुमच्याइतकंच मला माहीत होतं."

मी टेबलावरचे कागद सरळ केले.

"शनिवारी तुम्ही बसतंय म्हणालात तेव्हाच कळलं, घरचं कुणीतरी येऊन गेलंय. दोघी असाव्यात."

"मग ग्रुपवर फोटो कशाला टाकलात? माझा जीव गेला होता."

ते ओशाळले. "ते चुकलं माझं. कनुभाई दर वर्षी विचारतात, यंदा कुठे? आणि मी दर वर्षी सांगतो, इथलंच डाकोर, देवदर्शनाला. यंदा हात थांबला नाही."

"पण कळलं होतं तर त्या दोघींना बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पैसे नको म्हणावं लागलं असतं. नको म्हटलं असतं तर आम्ही आत्ता डाकोरहून आलो असतो." ते उठले. "आणि तुम्हीही सांगू नका. आईला वाटतंय तिने मला फसवलं. फार खुषीत आहे."

या प्रकरणातून धंद्यापुरतं मी एवढं शिकले. गिऱ्हाईक बजेट म्हणून जो आकडा सांगतं तो घरातल्या एकाच माणसाचा असतो. त्यावर लगेच फाईल बंद करायची नाही. दोन दिवस थांबायचं. आणि दुपारी दोन ते चार फोन सायलेंटवर ठेवायचा नाही.