दोघांनी एकदम उघडलेली नोंद

परवापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

नांदेडात माझं कम्प्युटरचं दुकान. दुष्काळाच्या साली एका कचेरीत टँकरच्या नोंदींसाठी तीन कम्प्युटर तारेनं जोडून दिले. आता डेटाबेस कोणता टाकायचा? एक मला तोंडपाठ होता, पण तो एकट्यानं वापरायचा. दुसरा अनेकांनी मिळून वापरायचा — एकानं नोंद उघडली की दुसऱ्याला थांबवणारा. तो मला येत नव्हता. पण "येत नाही" म्हणायचं कसं? माझ्या हुशारीची दवंडी मीच पिटलेली. म्हटलं, चालतंय की, पहिलाच टाकू. उथळ पाण्याला खळखळाट फार — ते पाणी म्हणजे मी.

तिथं शबाना ऑपरेटर होती, रोजंदारीवर. शिंप्याची मुलगी, घरातून कामाला बाहेर पडलेली पहिलीच. भोकरकडच्या एका वाडीचा टँकर तिनं नोंदवला. त्याच वेळी शेजारच्या कम्प्युटरवर तेच पान उघडं होतं. तिथल्यानं नंतर सेव्ह केलं — आणि शबानाची नोंद पुसली गेली. माझ्या डेटाबेसात शेवटी सेव्ह करील त्याचंच राहायचं. वाडीला टँकर गेलाच नाही. बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत आल्या.

साहेबांनी मला बोलावलं. शबाना सांगून राहिली होती, "सर, मी टाकलं हुतं. तुम्ही बघा ना." मी पाहिलं. पाहताक्षणी कळलं काय झालंय. आणि मी म्हणालो, "मशीन चुकत न्हाई साहेब. पोरीकडून राहिलं असंल."

तिचं काम गेलं. मी भ्यालो होतो का? हो. पण वाडी तहानलेली राहिली आणि एक पोर बदनाम होऊन घरी बसली, ती माझ्यामुळं. पुढच्या काही दिवसांत दुसरा डेटाबेस शिकलो आणि गुपचूप बसवला. म्हणजे शिकता येत होतंच की.

पुढं शेजारी नवा जिल्हा झाला. तिथल्या कचेरीसाठी डेटाबेस निवडायचा म्हणून परवा मला बोलावलं, तर टेबलापलीकडं शबाना. परीक्षा देऊन लागलेली. आता निवड तिच्या हातात. ती हसली नाही, तिनं नजरही चुकवली नाही.

"सर, दोघांनी एकदम तीच नोंद उघडली तर?"

तेव्हा मी कचेरीतल्या सगळ्यांसमोर सांगितलं. त्या वर्षी हिची नोंद बरोबर होती. पुसली गेली ती माझ्या निवडीनं, आणि ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं. लाज वाटली, फार वाटली. तरी किती वर्षांनी श्वास पुरा आला.

तिनं तिथल्या दोन कम्प्युटरकडं बोट केलं. मग म्हणाली, "करून दाखवा."

दुसऱ्याला थांबवणारा तो डेटाबेस मी टाकला. एका कम्प्युटरवर ती बसली, दुसऱ्यावर मी. एकच नोंद दोघांनी उघडली. तिनं त्याच वाडीचं नाव टाकलं. त्यावर मी दुसरं टाकू गेलो, तर मशीननं मला अडवलं. तिची नोंद राहिली.