दहा ते पाचची अट

कोणताही कागद हाती आला की आपा आधी शेवटचं पान उघडत. "खोट तिथंच निजून रायते," म्हणत, आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढत. आठवी शिकलेल्या, पूर्वी शिवणकाम करणाऱ्या. नांदगाव पेठेत कापड कारखान्यांत जाणाऱ्या बायांची लेकरं त्या पत्र्याच्या दोन खोल्यांत सांभाळायच्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे. मीही म्हणायचे, पण मनातून नाही.

कारण दोन गल्ल्या सोडून माझंही पाळणाघर होतं. माझ्याकडे बालशिक्षणाची पदविका, भिंतीवर रंगवलेली चित्रं, वकिलाच्या घरातली शुद्ध भाषा. आणि लेकरं हट्ट करायची ती आपांकडे जायचा. तुमच्याही गल्लीत असं एखादं दार असेल, जिथे आपल्या दारापेक्षा जास्त चपला दिसतात.

सरकारनं पाळणाघरांना अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा आम्हा दोघींना करारनाम्यावर सही करायला अमरावतीच्या कार्यालयात बोलावलं. मी भराभर पानं उलटत सह्या केल्या. आपांनी मागून वाचायला घेतलं आणि थांबल्या.

"साहेब, येळ दहा ते पाच लिवली. मायची पाळी तं सात वाजता लागते. दहा वाजेलोक लेकरू काय डब्यात भरून ठेवन ती?"

"छापील नमुना आहे, बाई. पटत नसेल तर राहू द्या."

"मंग राहू द्या."

त्या उठून गेल्या. मला आनंद झाला, लपवत नाही.

माझ्याकडे नवे पाळणे आले, खेळणी आली, दारावर फलक लागला. लेकरं मात्र तीनच. दहाला मी दार उघडेपर्यंत बाकीची आपांकडे पेज पिऊन खेळत असायची. महिनाभर हे पाहिलं आणि एके दिवशी मी निनावी अर्ज टाकला: विनापरवाना पाळणाघर, धोक्याची जागा.

साहेब तपासणीला आले. मलाही सोबत नेलं. पत्र्याखाली ओळीनं लेकरं झोपली होती. आपांनी ओठांवर बोट ठेवलं. "आत्ताच निजले. बोलाचं ते आंगनात बोला."

"ही मुलं सरकारी पाळणाघरात का नाहीत?"

आपांनी माझ्याकडे हात केला. "यायच्याकडं जागा चांगली, शिक्षण चांगलं. दार उशिरा उघडते, ते तुमच्या कागदापायी."

साहेबांनी तसं वर कळवलं. काही महिन्यांनी नवा करार आला, सकाळी सात ते संध्याकाळी सात. आपांची जागा नियमात बसेना, म्हणून त्या सगळी लेकरं घेऊन माझ्याकडेच आल्या.

"तुमी शिकवा. निजवाचं माझ्याकडं."

एकदा हजेरीची वही पाहताना म्हणाल्या, "अक्षर लय सुरेख हाये तुमचं. त्या अर्जावरबी असंच होतं. साहेबानं दाखवला होता मले."

त्यांनी वही मिटली आणि एका पोराचं नाक पुसायला वळल्या. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मोठ्या मनानं वागण्यातही ही बाई माझ्यापुढे, याचाच मला राग आला.

गेल्या उन्हाळ्यात गुडघे थकले म्हणून त्या हिवरखेडला लेकीकडे राहायला गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वर्षांची एक पोर माझ्या मांडीवर काही केल्या झोपेना. थोपटलं, गाणं म्हटलं. शेवटी ती खाली उतरली, आपा बसायच्या त्या सतरंजीवर गेली आणि तोंड खुपसून झोपली.

मी शेजारी बसून राहिले. त्या सतरंजीचाही मला हेवा वाटला.