आधी तिचं नाव

बातमी आली तेव्हा मी स्वारगेटला रिक्षात होते. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजू लागले, आणि ते सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे वाटले... "विद्याताई गेल्या," फोनवर त्यांची भाची सांगत होती. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "कुठे घेऊ?"

विद्याताई वकील होत्या. ज्यांना वकील परवडत नाही, अशांचे खटले त्या आयुष्यभर लढल्या. मोफत कायदेशीर मदतीचा अर्ज मोबाइलवर भरता यावा म्हणून आमच्या चमूने एक ॲप बनवलं होतं, आणि वकिलांना ते शिकवायला मी मंडईजवळच्या एका सभागृहात जायचे. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोला, म्हणजे कुठे अडतंय ते कळेल." ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मनातलं मोठ्याने बोलत राहिले असते, तर माझी सनद केव्हाच गेली असती." मग मात्र त्या दुपारभर बोलल्या आणि आमचं निम्मं ॲप मोडीत निघालं.

पुढे मैत्री झाली. काम संपलं की आम्ही मंडईतून रमतगमत जायचो. त्या दुपारी आता सलग आठवत नाहीत. आधी पेरूंचा वास येतो, मग खळ घातलेल्या साडीची सळसळ, आणि सगळ्यात शेवटी त्यांचा चेहरा...

एकदा त्या म्हणाल्या, "वकिलांवर पुष्कळ चाचण्या झाल्या. आता जिच्यासाठी आहे तिला दाखव." लोणी काळभोरहून त्यांची एक अशील आली. तिला सुमन म्हणू. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, पोटगीच्या दाव्यासाठी मोफत मदत मागायला निघालेली. ॲपवर पोटगीच्या प्रकरणांत पहिलाच रकाना होता : पतीचे नाव. तिचं बोट तिथेच थांबलं. मी मदतीला पुढे वाकले, तर टेबलाखाली ताईंनी माझं मनगट धरलं. डोक्यावर पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी कोथिंबिरीचा भाव ओरडत होतं, आणि वेळ जणू कुठेतरी टेकून बसला होता... सुमनने मोबाइल खाली ठेवला, पदर सावरला आणि ती उठली. आता ही परत येणार नाही, असं मला वाटलं. तरी ताईंची पकड सुटेना. दाराशी जाऊन ती वळली.

"पयलं त्याचंच नाव कशाला लागतंय? गाऱ्हाणं माझं हाय ना?"

"खरं आहे बाई," ताई म्हणाल्या. "ये, बस. आधी तुझं नाव सांग."

सुमन बसली. मग ती बोलतच राहिली, भिंतीवरचं ऊन सरकून जाईपर्यंत. आम्ही रकान्यांचा क्रम बदलला : आधी तुमचं नाव, मग तुम्हाला काय हवं आहे. नवऱ्याचा रकाना शेवटी गेला. सुमनचा पोटगीचा दावा ताईंनीच चालवला; तिला पोटगी मिळाली.

शेवटची भेट इस्पितळात झाली. मी मोबाइलवर अर्जाचं नवं पान दाखवलं. त्यांनी बोट रकान्यांवरून हळूहळू खाली नेलं, डोळे मिटले. वाटलं, झोप लागली. "बरं जमलंय," त्या म्हणाल्या. पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते.

गेल्या आठवड्यात त्यांच्याविना पहिलं प्रशिक्षण झालं. ताई अशिलाला कधी टेबलापलीकडे बसवत नसत. आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय हे तिलाही दिसावं, म्हणून शेजारी बसवत. मी हे नव्या वकिलांना सांगितलं नव्हतं. सरावासाठी एक बाई आत आली. एक नवी वकील सहज उठली, समोरची खुर्ची उचलून तिने आपल्या बाजूला ठेवली आणि म्हणाली, "इथे बसा. दोघी मिळून बघू."