मधलं नाव

तिच्या बाबांना सगळी गल्ली ‘महोदय’ म्हणायची. माणूस शिंपी, दुकान घराच्या जिन्याखालीच, आणि राग सदा नाकावर. नळाला गढूळ पाणी आलं, की हे कात्री बाजूला ठेवणार, मोबाइल डोळ्यांसमोर धरणार आणि एका बोटाने टाइप करणार, ‘महोदय’. रस्त्याला खड्डा पडला, ‘महोदय’. टपाल उशिरा आलं, ‘महोदय’. उत्तर बहुतेक यायचंच नाही, आलं तरी तोंडाला पानं पुसणारं. पण गडी हटायचा नाही. नाव पडलं ते चिकटलं.

आणि अशा माणसाच्या लेकीने इंटर्नशिप कुठे मिळवावी? वीज कंपनीच्या संवाद विभागात! कॉलेजचं शेवटचं वर्ष, संवादशास्त्राचा अभ्यास, आणि इंटर्नशिप पूर्ण केल्याचं पत्र मिळाल्याशिवाय निकाल हातात पडणार नाही असा नियम. घरी तिने ‘एका मोठ्या कंपनीत’ एवढंच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर बाबांनी सकाळच्या चहाबरोबरच तक्रारींचा पाढा सुरू केला असता.

काम काय, तर ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. उत्तरं ठरलेली. सहीसुद्धा ठरलेली: ‘आपली सखी’. विभागाच्या प्रमुख मॅडम मोठ्या गोडबोल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “आपण वायरी जोडत नाही गं, आपण मनं जोडतो.” तेव्हा तिला ते वाक्य फार आवडलं होतं. वहीत लिहून ठेवलंन वेडीने!

मग एके दिवशी स्क्रीनवर आलं, ‘महोदय’. खाली बाबांचं नाव. खांबावरून येणारी वायर सुटून जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पडली होती. दुकानाचं शटर उघडताना झटका बसतो. वरच्या मजल्यावर शिकवणी आहे, मुलं कठडा धरून उतरतात, त्वरित माणूस पाठवावा. तिने दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, तुमच्या मॅडमनी तक्रार पुढे पाठवली की येऊ. मॅडम म्हणाल्या, “पाठवू गं. तोवर उत्तर देऊन टाक.”

तिने दिलं. नाइलाजाने, पण दिलं.

रात्री जेवताना बाबांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. “‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपली सखी.’ कोण ही सखी? कोणाची सखी? भावना गेल्या चुलीत, बाई, आधी वायर हलव! असली माणसं पगार घेऊन करतात काय? यांच्या आईबापांनी यांना हेच शिकवलं का?”

तिला असा ठसका लागला, की आईने पाठीवर थापट्या मारल्या. “जेवताना तरी तो मोबाइल ठेवा,” आई बाबांवरच करवादली. पोरगी पाण्याचा घोट घेऊन जेवत राहिली. पण आतून नुसती जळत होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

पुढे तेच झालं, ज्याची भीती होती. शिकवणीतल्या एका चिमुरडीने कठडा धरला, झटका बसला आणि ती जिन्यावरून गडगडत खाली आली. हनुवटी फुटली. नशीब, एवढ्यावर निभावलं. बाबांनी कठड्याला जुन्या गाद्यांची खोळ गुंडाळली, जिन्यात स्टूल आडवं टाकलं आणि पुन्हा ‘महोदय’ लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती तडक मॅडमच्या टेबलापाशी गेली. “मॅडम, एक पोर पडलीय. आज माणूस पाठवाच.”

“सूर, सूर सांभाळ,” मॅडम म्हणाल्या. “संवादातली माणसं अशी तडकत नाहीत. महिनाअखेर आलीय, आधी उघड्या तक्रारी कमी करायच्या आहेत. आणि हे बघ, एकदा मिटलेली तक्रार पुन्हा उघडायची नाही हं. ती थेट मुख्य कार्यालयात लाल दिसते. मग माझ्या डोक्यावर मिरे वाटतात.”

संध्याकाळी ती घरी आली तर दुकान उघडं, पण मशीन बंद. बाबा स्टुलावर बसलेले. ओरडत नव्हते, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. त्यांनी मोबाइल पुढे केला.

‘आपली तक्रार दूर करण्यात आली आहे.’ वर तक्रारदार म्हणून बाबांचं नाव आणि आडनाव. खाली या वेळी सखी नव्हती. मुख्य कार्यालयाचा नवा हुकूम होता, तक्रार मिटवणाऱ्याचं खरं आणि पूर्ण नाव हवं. तिथे तिचं नाव होतं, मग बाबांचं, मग आडनाव. ती दुपारी डबा खायला उठली तेव्हा मॅडमनी तिच्याच कॉम्प्युटरवर बसून ही आणि अशा कितीतरी तक्रारी मिटवल्या होत्या. उद्या काही झालं तर नाव इंटर्नचं, आणि इंटर्न काय, निघून गेलेली!

बाबांनी बोटाने आधी वरचं नाव दाखवलं, मग खालचं मधलं. “म्हणजे माझी तक्रार मीच मिटवली म्हण की.”

“बाबा, मी नाही केलं हे! देवाशप्पथ नाही केलं! ती उत्तरं मी लिहायची, ती सखी मीच. पण हे मी नाही केलं!”

“पण नाव तुझंच आहे ना? आणि माझंही.” एवढं बोलून ते शटर ओढायला उठले, हाताला फडकं गुंडाळून.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या रात्री कळलं. झोप कसली लागतेय! या कुशीवरून त्या कुशीवर, आणि मनात मॅडमना एकेक वाक्य सुनावणं चाललेलं.

सकाळी, म्हणजे इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी, मॅडम पत्र समोर घेऊनच बसल्या होत्या. ‘अत्यंत उत्कृष्ट काम’ असं लिहिलं होतं, फक्त सही राहिली होती. “ये गं! काय लिहू अजून? ‘मनमिळाऊ’ लिहू?”

“तुम्ही माझ्या नावाने तक्रारी का मिटवल्यात?”

“अगं, तुझे आकडे चांगले दिसावेत म्हणून! तुझ्याच भल्यासाठी.”

“कठड्यात अजून करंट आहे, मॅडम. त्याच जिन्याने मी रोज घरी जाते. मधलं नाव वाचलंत का माझं? तक्रारदार माझा बाप आहे!”

मॅडमचं पेन थांबलं. पण बाई पक्की. “तुझा डेटा, तुझी जबाबदारी. वर्ष वाया घालवायचंय का? पत्र घे आणि गप घरी जा.”

ती सरळ आपल्या जागेवर गेली. तिच्या नावावर मिटवलेली प्रत्येक तक्रार तिने पुन्हा उघडली, बाबांची सर्वांत आधी. ‘काम झालेले नाही. वायर कठड्यावरच आहे, एक मूल पडले आहे. कालचा शेरा माझा नाही.’ खाली पूर्ण नाव. स्क्रीन लालेलाल झाली. मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला.

“पत्र विसर तू!” मॅडम किंचाळल्या. त्यांचा सूर पार बिघडला होता.

“तुमच्या भावना मी समजू शकते,” ती म्हणाली आणि बॅग उचलून निघाली. पायऱ्या उतरताना मात्र रडली. वर्ष गेलं होतं, ते काही खोटं नव्हतं.

दुपारीच वायरमन शिडी घेऊन गल्लीत हजर. वायर वर घेतली, पट्टी मारली, कठड्याला टेस्टर लावून बघितला. चहा निवायच्या आत काम झालं. मग त्याने आपला मोबाइल बाबांपुढे धरला. “मास्तर, ‘समाधानी आहात का’ विचारतंय. ‘हो’ दाबा, की तक्रार मिटली आणि मी सुटलो.”

बाबांनी चष्मा लावला. घडलेलं सगळं सांगून दुकानाच्या पायरीवर सुजल्या डोळ्यांनी बसलेल्या लेकीकडे बघितलं आणि ‘नाही’ दाबलं.

“अहो मास्तर, काम तर झालं ना!”

“वायरीचं झालं. तुमचं काम चोख आहे, तुमच्यावर राग नाही,” बाबा म्हणाले. “पण माझ्या पोरीचं पत्र अडवून ठेवलंय तुमच्या ऑफिसाने. ते हातात पडेपर्यंत मी समाधानी नाही. जा, सांगा तुमच्या साहेबांना. आणि माझं पूर्ण नाव सांगा.”